मायक्रोस्कोपच्या अलीकडचं

चि. डॉक्टरीणबाईंस,

अनेक उत्तम आशीर्वाद.

जळगावात पॅथॉलॉजिस्ट म्हणून रुजू झालीस आणि लगेच आयएचसीची (गाठीतली प्रथिनं रंगवून ओळखायच्या चाचणीची) सोय कधी होईल म्हणून विचारलंस. होईल तेव्हा होईल. तोवर सॅम्पल कशातून येतात ते बघ.

चोपडा, शिरपूर, शहादा, पार धडगावकडून बरण्या येतील. आपला मे महिना तुला ठाऊकच आहे. स्तनाची अख्खी गाठ अरुंद तोंडाच्या बरणीत कोंबलेली, फॉर्मेलिन (गाठ कुजू न देणारं द्रावण) जेमतेम बुडेल इतकंच, फॉर्मवर नुसतं ‘गाठ?’. फॉर्मेलिन तासाला साधारण एक मिलिमीटर मुरतं. त्यामुळे बाहेरून घट्ट वाटणारी गाठ कापली की मधोमध मऊ, करडी, वास मारणारी निघते. त्या भागावर ईआर, पीआर (गाठ हॉर्मोनच्या उपचाराला दाद देईल का ते सांगणाऱ्या आयएचसी चाचण्या) केल्या तर खोटं निगेटिव्ह येण्याची भीती, आणि मग जिला हॉर्मोनच्या गोळीचा फायदा झाला असता तिला ती गोळीच कुणी देणार नाही. तेव्हा सर्जनांना फोन करायला लाजू नकोस. गाठ निघाल्यापासून तासाभरात 10 टक्के फॉर्मेलिनमध्ये, गाठीच्या किमान दहा पट. पुढे 6 ते 72 तास. मोठ्या गाठीला काप द्यावाच लागतो, पण कुठून द्यायचा ते तू जाऊन दाखव, नाहीतर मार्जिनचा, म्हणजे गाठ पूर्ण निघाली का ते सांगणाऱ्या कडेचा, विचका ठरलेला.

तोंडाच्या कॅन्सरला मात्र तुला तोटा पडणार नाही. गुटखाबंदी 2012 पासून आहे. ती किती पाळली जाते ते ग्रॉसिंगच्या (गाठ मोजून, कापून तुकडे घ्यायच्या) टेबलावर कळतं. जिभेची किंवा गालाची गाठ आली की आधी कडांना शाई लाव, मग सुरी. आणि गाठ किती खोल गेली ते मोज, डोळ्याच्या अंदाजाने नको. शेजारच्या निरोगी आवरणाच्या बेसमेंट मेम्ब्रेनची (आवरणाखालच्या पातळ पडद्याची) रेघ धरायची, तिथून सरळ खाली. 3 सेंटीमीटरची गाठ 10 मिलिमीटर खोलीपर्यंत टी2, त्यापुढे टी3 (गाठ किती वाढली ते सांगणाऱ्या पायऱ्या). फुगून वर आलेला भाग यात धरायचा नाही. नवशिके हमखास धरतात.

पांढऱ्या चट्ट्याचा नुसता पापुद्रा आला तर ‘कॅन्सर नाही’ असं लिहून मोकळी होऊ नकोस. खालचा थर आलेला नाही, खोल बायोप्सी पाठवा, असं लिही. सर्जन वैतागतील. वैतागू देत.

खिडकीशी कुणीतरी विचारेल, “ताई, रिपोर्ट कसा शे?” निदान तिथे उभ्या उभ्या सांगायचं नाही, ते उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी समोर बसवून सांगायचं. पण ‘उद्या या’ असंही तोंडातून जाऊ नये. अक्कलकुव्याहून आलेल्याची मजुरी बुडते, एसटीचं भाडं वेगळंच. जबड्याचं हाड असेल तर ते मऊ करायलाच कित्येक दिवस जातात. सॅम्पल घेतानाच खरी तारीख चिठ्ठीवर लिहून दे, आणि रिपोर्ट लांबला तर त्यांना निघायच्या आत फोन जाईल असं बघ.

तुझा,
सर