जुन्या लॅपटॉपला नवा प्रोसेसर : कणकवलीच्या सरांचा प्रश्न

प्रश्न : मी कणकवली तालुक्यातल्या एका शाळेत शिक्षक आहे. जत्रांच्या दिवसांत दशावताराचे प्रयोग कॅमेऱ्यात घेतो, एडिट करतो आणि गावच्या चाकरमान्यांना पाठवतो. लॅपटॉप लेनोवोचा थिंकपॅड टी४४०पी आहे, २०१९ साली वापरलेला घेतला. प्रोसेसर आय५-४३००एम, रॅम १२ जीबी, हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवून घेतली आहे. विंडोज १० आहे. एक तासाचा व्हिडिओ एक्स्पोर्ट व्हायला साडेतीन तास लागतात. मध्येच लाईट गेली की बॅटरी तेवढी टिकत नाही आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं. दुकानदार म्हणाला, "लॅपटॉपचा प्रोसेसर बदलत नाहीत, नवीन घ्या." माझा एक माजी विद्यार्थी म्हणतो, बदलता येतो. खरं काय?
— एक शिक्षक, कणकवली तालुका

उत्तर : सर, तुमचा विद्यार्थी बरोबर सांगतोय. दुकानदाराचंही चुकलं असं म्हणवत नाही, कारण आज त्याच्या टेबलावर येणाऱ्या बहुतेक लॅपटॉपना त्याचं वाक्य लागू पडतं. तुमच्या लॅपटॉपला मात्र पडत नाही.

तुमचा टी४४०पी २०१३ सालचं मॉडेल, इंटेलची चौथी पिढी. या पिढीपर्यंत इंटेलचे काही लॅपटॉप प्रोसेसर सॉकेटमध्ये बसायचे, म्हणजे काढता-घालता यायचे. पाचव्या पिढीपासून ते थेट बोर्डावर झाळलेले, म्हणजे सोल्डर केलेले येतात. ओळखायची खूण नावाच्या शेवटी असते. चौथ्या पिढीत शेवटी 'एम' किंवा 'एमक्यू' असेल तर सॉकेटचा; 'यू' किंवा 'एचक्यू' असेल तर झाळलेला. तुमच्या ४३००च्या पुढे 'एम' आहे, म्हणजे वाट मोकळी आहे.

पण पैसे काढण्याआधी एक काम करा. एक्स्पोर्ट चालू असताना कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणं एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा. सीपीयूचा आकडा शंभराला टेकलेला असेल आणि डिस्क, रॅम निवांत असतील, तरच प्रोसेसर बदलण्यात अर्थ. माझ्याकडे 'प्रोसेसर बदला' म्हणून येणाऱ्यांपैकी बहुतेकांचा प्रोसेसर रिकामा बसलेला असतो आणि जुनी हार्ड डिस्क घाम गाळत असते. तुम्ही एसएसडी आधीच घातलीत, रॅमही पुरेशी आहे, म्हणून तुमच्या बाबतीत मला प्रोसेसरवरच संशय आहे.

दुसरं काम फुकटातलं. तुमच्या प्रोसेसरच्या पोटात व्हिडिओ बांधण्यासाठी वेगळा भाग आहे, इंटेल त्याला क्विक सिंक म्हणते. तुम्ही कोणतं सॉफ्टवेअर वापरता ते लिहिलं नाहीत. शॉटकटसारखं असेल तर एक्स्पोर्टच्या पानावर हार्डवेअर एन्कोडरची खूण करून एच.२६४ या व्हिडिओच्या प्रकारात दहा मिनिटांचा तुकडा काढून बघा. वेळ बराच खाली येतो. फाईल थोडी मोठी होते, किंवा त्याच आकारात चित्र जरा मऊ पडतं. गॅसबत्ती नाहीतर हॅलोजनच्या उजेडात घेतलेल्या रात्रीच्या प्रयोगात अंधाऱ्या कोपऱ्यांत ते दिसतं. संकासुराच्या काळ्या वेशाच्या घड्या नीट बघा. त्या चिखलासारख्या एकमेकींत मिसळल्या तर तुम्हाला प्रोसेसरच्याच ताकदीवर एक्स्पोर्ट करावं लागणार, आणि मग नवा घेणं रास्त आहे.

घ्यायचा कोणता? मी आय७-४७१२एमक्यू सुचवीन. तुमच्या ४३००एमला दोन कोर (काम करणारे भाग) आणि चार थ्रेड (एका वेळी हाताळायचे कामाचे धागे) आहेत, याला चार कोर आणि आठ थ्रेड. कॅश, म्हणजे प्रोसेसरची स्वतःची छोटी मेमरी, ३ एमबीची ६ होते. महत्त्वाचं म्हणजे दोघांचंही उष्णतेचं माप सारखंच, ३७ वॅट. म्हणजे तुमचा पंखा, हीटसिंक (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग), चार्जर सगळं आहे तसंच चालतं. बाजारात आय७-४७००एमक्यू जास्त सापडतो. तोही बसतो, पण तो ४७ वॅटचा. पंखा सतत ओरडेल आणि ६५ वॅटचा चार्जर असेल तर ९० वॅटचा घ्यावा लागेल. मे महिन्यात कोकणातल्या बंद खोलीत तासन्तास एक्स्पोर्ट चालवायचं असेल तर मी ३७ वॅटवालाच घेईन. हे प्रोसेसर १०० अंश सेल्सिअसला पोचले की स्वतःहून वेग कमी करतात, मग कागदावरचा जादा वेग तुमच्या हाती लागतच नाही.

अपेक्षा किती ठेवायची तेही सांगते. कोर दुप्पट झाले म्हणून वेळ निम्मा होत नाही, कारण चारही कोर एकदम राबायला लागले की त्याच ३७ वॅटमध्ये प्रत्येकाच्या वाट्याला कमी वीज येते. माझ्या अनुभवाप्रमाणे साडेतीन तासांचं काम दोन-सव्वादोन तासांवर येईल. टायपिंग, मेल, निकालपत्रकं यात काडीचाही फरक जाणवणार नाही, कारण एकट्या कोरचा टर्बो, म्हणजे जास्तीत जास्त वेग दोन्हींत ३.३ गिगाहर्ट्झच आहे. कुणी 'लॅपटॉप नव्यासारखा पळेल' म्हणालं तर विश्वास ठेवू नका.

पार्ट वापरलेलाच मिळेल. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, पुण्याची तपकीर गल्ली इथे विचारा. हातात घेतल्यावर दोन गोष्टी पाहा. वर बारीक अक्षरांत कोड असतो, तो 'एसआर'ने सुरू झाला पाहिजे. 'क्यू'ने सुरू होत असेल तर तो कंपनीचा चाचणीचा नमुना, स्वस्त मिळाला तरी नको. मग तो डोळ्यांच्या पातळीला आडवा धरून खालच्या पिना बघा. ९४६ पिना आहेत, सरळ ओळीत उभ्या भाताच्या रोपांसारख्या दिसल्या पाहिजेत. एक जरी वाकलेली असेल तरी ओळ मोडलेली लगेच कळते. तिसऱ्या पिढीचा प्रोसेसर कुणी देऊ केला तर घेऊ नका. त्याला ९८८ पिना असतात, तो तुमच्या सॉकेटमध्ये जातच नाही.

बसवणं टी४४०पीमध्ये इतकं सोपं आहे की मी शिकाऊ मुलांना याच मॉडेलवर हात बसवायला देते. लॅपटॉप बंद, चार्जर काढा, बॅटरी काढा. खालचे दोन स्क्रू सैल करून झाकण सरकवलं की हीटसिंक समोरच. त्याचे स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे करत सोडवा. प्रोसेसर आणि हीटसिंकच्या मधली उष्णता वाहून नेणारी जुनी पेस्ट वाळून खपली झालेली असेल, ती आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या सुती कापडाने पुसा. सॉकेटच्या कडेला चपटा स्क्रू आहे, तो अर्धा फिरवला की प्रोसेसर सैल होतो आणि बोटांनी उचलता येतो. नव्याच्या कोपऱ्यावरचा त्रिकोण सॉकेटच्या खुणेशी जुळवून अलगद ठेवा. तो आपल्याच वजनाने बसतो. दाबावा लागत असेल तर काहीतरी चुकतंय, उचलून परत बघा. मग स्क्रू उलटा अर्धा फिरवा आणि मधल्या चकाकत्या तुकड्यावर मुगाच्या दाण्याएवढी पेस्ट ठेवा.

आता पुढचं वाक्य दोनदा वाचा. हीटसिंक परत बसवताना एका बाजूचा स्क्रू पूर्ण आवळून मग दुसरीकडे जायचं नाही. लॅपटॉपच्या प्रोसेसरवर डेस्कटॉपसारखं धातूचं झाकण नसतं, सिलिकॉन उघडाच असतो. २०१६ साली एका इंजिनिअरिंगच्या मुलीचा लॅपटॉप संध्याकाळी पाचला द्यायचा होता. मी घाईत एक कोपरा घट्ट आवळला आणि बारीकसा 'टक्' आवाज आला. काढून बघितलं तर सिलिकॉनच्या कडेचा मिठाच्या खड्याएवढा टवका उडाला होता. मशीन पुन्हा चालू झालंच नाही. दुसरा प्रोसेसर मी माझ्या पैशाने आणला, आणि तिची प्रोजेक्टची तारीख माझ्यामुळे चुकली याचं मला आजही वाईट वाटतं. म्हणून : समोरासमोरचे स्क्रू, एकेक वेढा, आळीपाळीने.

जुना प्रोसेसर टाकू नका. नवा नाही चालला तर तोच परत घालून दोष कुठे आहे ते कळतं. आणि बायॉस (लॅपटॉप चालू करणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर) अपडेट करायचं असेल तर अदलाबदलीच्या आधी, जुन्या प्रोसेसरवर करून घ्या, लाईट जायची शक्यता नसेल अशा वेळी आणि चार्ज झालेली बॅटरी लावून.

विंडोजबद्दल. प्रोसेसर बदलला तरी पिढी चौथीच राहते आणि मायक्रोसॉफ्टच्या विंडोज ११च्या यादीत इंटेलची सुरुवात साधारण आठव्या पिढीपासून आहे. विंडोज १०चा नेहमीचा आधार, म्हणजे सुरक्षेचे अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. एडिटिंगपुरतं मशीन ठेवून बँकेचे व्यवहार त्यावर करू नका, किंवा विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकटातली प्रणाली घाला. शॉटकट त्यावरही चालतं आणि मराठी टायपिंगही होतं. प्रोसेसर, पेस्ट, लागलाच तर चार्जर असा सगळा खर्च आठव्या पिढीच्या वापरलेल्या लॅपटॉपच्या किमतीच्या पाव भागावर जात असेल, तर मी तुमच्या जागी तो लॅपटॉपच घेईन.

लाईटचा प्रश्न प्रोसेसरने सुटणार नाही. एक्स्पोर्ट अंक पाडून करा : गणपतीचं नमन, संकासुर, मुख्य आख्यान, प्रत्येकाची वेगळी फाईल. शेवटी त्या जोडायला काही मिनिटं लागतात, आणि लाईट गेली तर एकच तुकडा पुन्हा करावा लागतो.

प्रश्न : माझ्याकडे आय३-५००५यू असलेला लॅपटॉप आहे, ४ जीबी रॅम, जुनी हार्ड डिस्क. त्यात आय७ बसेल का? कॉलेजच्या कोडिंगसाठी हवा आहे.
— एक विद्यार्थिनी, लातूर

उत्तर : नाही बसणार गं. तुझ्या प्रोसेसरच्या नावात 'यू' आहे, तो बोर्डावर झाळलेला आहे. 'उपटून दुसरा लावून देतो' म्हणणारा कुणी भेटला तरी लॅपटॉप त्याच्या हातात देऊ नकोस. त्या कामाला बोर्ड तापवावा लागतो आणि जुना बोर्ड ते सोसेलच असं नाही. तुझा वेळ हार्ड डिस्क खातेय. २४० जीबीची साधी साटा एसएसडी घाल, आणि रिकामी जागा असेल तर ४ जीबी रॅम वाढव. रॅम विकत घेताना 'डीडीआर३एल' हे शेवटचं 'एल' बघून घे, दीड व्होल्टची जुनी डीडीआर३ त्यात चालत नाही.