"मॅडम, त्या गोळीने डिप्रेशन येतं ना?"

काउन्सेलर म्हणून हा प्रश्न मला सारखा येतो, शक्यतो आईकडून, आणि गोळीची स्ट्रिप तेव्हा पर्समध्येच असते, न फोडलेली. गोळी म्हणजे आयसोट्रेटिनॉइन. खरं तर कॅप्सूल आहे पण सगळे गोळीच म्हणतात. खोल, दुखणारे, खड्डे पाडणारे पिंपल्स असले आणि बाकीच्या औषधांनी फरक पडत नसला की स्किनचे डॉक्टर ही देतात.

मागच्या वर्षीची केस सांगते, ओळख पटेल असं सगळं बदललंय. मुलगा अकरावीतला. आईने इंटरनेटवर काय काय वाचलं आणि स्ट्रिप आठवडाभर कपाटात ठेवून दिली, "आधीच तो गप्प गप्प असतो, त्यात हे कशाला".

मी तिथेच थांबले. आधीच? म्हणजे कधीपासून?

मग हळूहळू निघालं. कोरोना संपून इतके दिवस झाले तरी हा पोरगा मास्क काढत नव्हता. कॉलेजात नाही, क्लासला नाही, पाहुणे आले तर घरात पण नाही. डबा रोज तसाच परत यायचा, आईला वाटायचं भाजी आवडत नाही म्हणून ती रोज भाजी बदलत होती, आणि खरं कारण एवढंच की डबा खायचा म्हणजे चारचौघात मास्क काढायचा. त्याला वर्गात चेहऱ्यावरून एक नाव पडलं होतं, ते मी इथे लिहिणार नाही, त्याला पण ते उच्चारायला तीन सेशन लागले.

मुलगी असती तर घरच्यांनी लग्नाच्या काळजीने का होईना लवकर दाखवलं असतं. मुलगा म्हणून "वयात आलं की येतातच, जातील आपोआप". आजीची हळद, मावशीची टूथपेस्ट, काकांचं "पोट साफ होत नसेल". आणि मेडिकलवाल्याने चिठ्ठीशिवाय दिलेली क्रीम, तिने चार दिवसांत चेहरा एकदम मस्त झाला आणि बंद केल्यावर दुप्पट फुटला. स्टिरॉइड होतं त्यात. 2018 मध्ये सरकारने 14 स्टिरॉइड क्रीम चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली पण कोपऱ्यावर मागितली की मिळते अजून.

आता मूळ प्रश्न. ही गोळी अमेरिकेत 1982 पासून वापरात आहे. मोठमोठे अभ्यास एकत्र करून बघितले तर ती घेणाऱ्यांमध्ये डिप्रेशन वाढलेलं दिसत नाही, पण काही जणांचा मूड बिघडल्याच्या नोंदी आहेत म्हणून पाकिटावर इशारा असतो आणि तो मी उडवून लावत नाही. पण जास्त पिंपल्स असलेली बरीच मुलं गोळीविनाच उदास असतात, हे गोळीआधी कोणी मोजतच नाही. मग गोळी चालू केल्यावर मूल रडलं की खापर गोळीवर.

म्हणून आम्ही आधी मोजलं. एक साधी प्रश्नावली असते, झोप, भूक, मन लागणं असं सगळं, त्यात जीव नकोसा वाटतो का हा प्रश्न पण असतो. मी तो सरळ विचारला, नंतर आई बाहेर माझ्यावर जाम चिडली, "त्याच्या डोक्यात नसेल तर तुम्ही घालाल". विचारल्याने डोक्यात जात नाही हो, उलट असेल तर बाहेर येतं. त्याचं उत्तर होतं "मरायचं नाही, पण कुणाला दिसायला नको असं वाटतं". हे मी त्याला आणि आईला विचारून स्किनच्या डॉक्टरांना कळवलं. त्यांनी रक्त तपासलं, लिव्हर आणि चरबी बघतात यात, मग कमी डोसने सुरू केली. (मुलींना ही द्यायची तर वेगळीच काळजी लागते, गर्भाला फार धोका आहे हिचा, डॉक्टर सांगतीलच.)

पहिल्या महिन्यात चेहरा अजून बिघडला. हे होऊ शकतं असं आधीच सांगून ठेवलेलं म्हणून निभावलं. ओठ फाटले. दुसऱ्या महिन्यात चिडचिड वाढली, आईचा रात्री साडेदहाला फोन, "बघा, मी म्हटलं नव्हतं?" परत प्रश्नावली भरून घेतली, तर उदासीचा आकडा पहिल्यापेक्षा कमीच. तेव्हा युनिट टेस्ट चालू होती आणि हा रात्री दोनपर्यंत जागत होता. तरी डॉक्टरांना कळवलंच. आकडा वाढला असता तर गोळी थांबवायची की नाही हे त्यांनी ठरवलं असतं, आईने किंवा मी नाही.

आमचं सेशनमधलं काम मात्र डब्यावर चाललं होतं. आधी फक्त एका मित्रासमोर, जिन्याखाली, मास्क खाली करून दोन घास. हे त्याने तिसऱ्या आठवड्यातच केलं, चेहरा सगळ्यात खराब होता तेव्हा, याचं मला अजून नवल वाटतं.

कोर्स सहा महिने चालला. डाव्या गालावर खड्डे राहिलेत, त्याची ट्रीटमेंट नंतर बघू म्हणालेत डॉक्टर. परवा आईचा परत फोन, मास्क गेला पण आता केस कापत नाही, सगळं कपाळ झाकलंय, काय करू?

म्हटलं वाढू दे.