शेजाऱ्यांचा माड, आमची कौले

प्रश्न : वादळात शेजाऱ्यांचा माड पडवीवर कोसळून आमची कौले फुटली. बुंध्याला सोंड्या भुंग्याची भोके होती आणि आम्ही त्यांना तसे लेखी कळवलेही होते. भरपाई मागता येईल का?

उत्तर : ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगड किनाऱ्यावर धडकले, तेव्हा धडधाकट झाडेही उन्मळून पडली, अशा दैवी आपत्तीत झाड कोणाचे एवढ्यावरून मालकावर जबाबदारी येत नाही. परंतु माड धोकादायक असल्याचे ठाऊक असूनही तो उतरवला नसेल, तर निष्काळजीपणाच्या आधारे दिवाणी न्यायालयात भरपाईचा दावा करता येतो. आपल्या पत्राची पोच जपून ठेवा. बुंधा हलवण्यापूर्वी पोखरलेल्या भागाची छायाचित्रे मात्र आवर्जून घ्या, कारण तो ओंडका एकदा तोडून नेला की मुख्य पुरावाच जातो. तलाठ्यांकडून पंचनामाही करून घ्यावा.