रानात हिंडून गोळा केलेलं किंवा शिकार करून खाल्लेलं तुमचं सर्वांत आवडतं खाणं कोणतं?

पाथरी.

तुम्ही शिकारीचंही विचारलंय, त्याचं पुढं सांगतो. पण आवडीचं म्हणाल तर पाथरीच्या पुढं मला काही सुचत नाही. माझं गाव लातूर जिल्ह्यात, औसा तालुक्यात. नोकरीनं शहरात आणून टाकलं त्याला बरीच वर्षं झाली, पण हिवाळ्यात गावाकडून कुणी येणार असलं की मी एकच निरोप धाडतो : येताना पाथरी आणा. बहुतेक वेळा आणत नाहीत. "ते काय आणायचं, तण आहे ते," म्हणतात.

आहेच तण. रबीच्या ज्वारीत, काळ्या रानात, पिकाच्या बुडाशी जमिनीला चिकटून पसरलेलं असतं. लांबट पानं, कडेला करवतीसारखे दाते, तोडलं की पांढरा चीक येतो. पुढं पिवळं फूल धरतं. पण पाथरी खायची ती फुलाच्या आधी. माझी चुलती रानात माझ्या हातातून निम्मी पाथरी काढून फेकायची. "फुलावर आलेली घिऊ नगंस, कडू जहर लागती." कवळी असली तरी ती किंचित कडसर असतेच. पण भाकरीबरोबर चावत गेलं की मागून गोडसर चव येते, आणि त्यासाठीच ती खायची.

तिची भाजी शिजवू नका. तिचा घोळाणा करतात. पानं दोन-तीन पाण्यांनी धुवायची, कारण काळी माती दात्यांत अडकून बसते आणि एक खडा राहिला तरी सगळा घास वाया. हातानंच बारीक तोडायची. कांदा बुक्कीनं फोडून चुरायचा. मीठ, तिखट, मूठभर शेंगदाण्याचा कूट, आणि वरून करडीचं कच्चं तेल, जरा सढळ हातानं. हलक्या हातानं कालवलं की झालं. ज्वारीची भाकरी गरम नसली तरी चालेल, उलट सकाळची गार भाकरी याला जास्त शोभते. शेंगतेल घालून केलेला घोळाणा मी खाल्लाय. त्यात काही राम नाही.

वेळा अमावस्येला, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावस्येला, आमच्या भागात सगळं गाव रानात जेवायला जातं. कडब्याची कोप (खोपटं), पांडवांची पूजा, मडक्यात आंबील, भज्जी म्हणजे डाळी-भाज्यांची मिसळ भाजी, बाजरीचे उंडे. पाहुण्यांना भज्जीचं कौतुक. मी मात्र पानावर बसायच्या आधी ज्वारीत शिरतो. पीक कमरेच्या वर आलेलं असतं, खाली सावलीत पाथरी कवळी राहिलेली असते. दहा मिनिटांत उपरण्यात मावेल एवढी निघते. निघायची, असं आता म्हणावं लागेल. कारण आमच्या पांदीच्या दोन्ही बाजूंना ज्वारी होती तिथं आता सोयाबीन आणि त्यामागून हरभरा. ज्वारी काढायला माणूस मिळत नाही, भाव नाही, कडबा विकावा तर तो तरी किती विकणार. शेतकऱ्याला मी काय सांगू? मी स्वतः भाकरी विकत घेऊन खाणारा माणूस.

पावसाळ्यातल्या भाज्यांची गत आणखी वाईट. कुंजर, घोळ, तांदुळजा हे सगळं खुरपायला गेलेल्या बायका संध्याकाळी ओट्यात भरून आणायच्या. खुरपणीची रोजंदारी आणि वर रात्रीची भाजी. कुंजराची भाजी तर लसूण-मिरचीवर नुसती परतली आणि थोडी भिजवलेली मुगाची डाळ टाकली तरी बोटं चाटावी अशी होते. आता खुरपण्याऐवजी तणनाशक मारतात. दोन वर्षांपूर्वी मी हौसेनं सोयाबीनच्या कडेनं पिशवीभर कुंजर तोडली. हिरवीगार, रसरशीत. बांधावर बसलेल्या भावकीतल्या एका काकांनी विचारलं, "कशाला तोडलास? काल फवारलंय की." औषध मारल्यावर पान लगेच वाळत नाही, हे मला तेव्हा कळलं. पिशवी तिथंच उपडी केली. तुम्ही कधी आमच्याकडं येऊन रानभाजी तोडणार असाल तर आधी रानमालकाला विचारा, मग हात लावा. आणि जे ओळखीचं नाही ते तोंडात घालू नका. भुईछत्र्यांच्या बाबतीत तर मी ओळखीचं असलं तरी घालत नाही.

तरोटा मात्र कुणाच्या फवारणीला भीक घालत नाही. पहिल्या पावसानंतर पडीक रानात, रस्त्याकडेला दाट उगवतो. कवळा असताना त्याची भाजी छान होते, पण आमच्या घरात ती कधी शिजली नाही. आजी करू द्यायची नाही. 1972 च्या दुष्काळात तिनं खडी फोडायच्या कामावर सुकडी, म्हणजे तिथं वाटायचे ते कोरडं पौष्टिक खाणं, खाल्ली, मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीच्या, लाल भाकरी खाल्ल्या आणि त्यांच्याबरोबर तरोटा. "लई खाल्ला, आता नगं," एवढंच म्हणायची. शहरात रानभाजी महोत्सवात तरोट्याची जुडी विकत घेताना मला दरवेळी ती आठवते, आणि मी घेतोच.

कर्टुल्यांचं सगळेच सांगतील, म्हणून थोडक्यात. काट्याकुपाटीवर वेल चढतो, श्रावणाच्या आसपास फळं येतात, आतली बी टणक व्हायच्या आत तोडायची. नर आणि मादी वेल वेगळे असतात, त्यामुळे फुलं भरपूर आणि फळ एक नाही असा वेल दिसला तर वैतागून उपटू नका. त्याच्यावाचून शेजारच्या वेलाला फळ धरणार नाही. जमिनीत कंद असतो, पुढच्या पावसात वेल त्याच जागी येतो. चांगली जागा सापडली की लोक सख्ख्या भावालाही सांगत नाहीत.

आता शिकार. ससा, तितर, लाव्हा, घोरपड, सगळ्यांच्या गोष्टी मी लहानपणी ऐकल्यात, पण 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं ते सगळं बंद आहे. त्यात मर्दुमकी मानणाऱ्यांशी माझं जमत नाही.

माझी शिकार म्हणजे ओढ्यातले खेकडे. पावसाळ्यात रात्री बॅटरी घेऊन जायचं. उजेड पडला की खेकडा क्षणभर थबकतो, तेवढ्यात मागून पाठीवर बोट दाबून धरायचा. नांग्या मोडून घरी आणायचे, बारीक पाय पाट्यावर वाटून त्यांचं पाणी गाळून घ्यायचं आणि त्या पाण्यात येसर (भाजलेल्या धान्य-मसाल्याचं पीठ) घालून दाट रस्सा करायचा. बिळात हात घालू नका असं सगळे सांगतात, मीही सांगतो. माझ्या डाव्या अंगठ्यावर नांगीची खूण आहे. त्या रात्री खेकडा बिळातच राहिला आणि घरी आल्यावर चुलतीनं हळद लावता लावता विचारलं, "ते निदान खेकडंच हुतं का, बघितलास तरी?"