एकच हॉल, एकच तास, नवे-जुने सगळे एकत्र

प्रश्न : मॅडम, मी ऐरोलीत सोसायटीच्या हॉलमध्ये कराटे शिकवते. अठरा मुलं आहेत, काही जूनपासूनची, काही गणपतीनंतरची, दोघं तर मागच्या सोमवारी आली. नव्यांना उभं राहायला शिकवायला घेतलं की यलो बेल्टवाले पाणी प्यायला पळतात, जुन्यांकडे वळले की नवी पोरं भिंतीला टेकून बसतात. दुसऱ्या बॅचला हॉल मिळत नाहीये. काय करू?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : ताई, आधी एक ऐका, वर्गाचे दोन तुकडे करू नका. मी नौपाड्यात सुरुवातीला तेच केलं, नवे एका कोपऱ्यात जुने दुसऱ्या, आणि तासभर नुसती मधे पळत राहिले, कोणाचंच धड झालं नाही. आता सगळ्यांना एकच गोष्ट देते, फक्त प्रत्येकाकडून मागते वेगळं.

गेदान बराईच घ्या, म्हणजे हात खाली झटकून केलेला खालचा ब्लॉक. सोमवारी आलेल्याला एवढंच सांगायचं की मूठ विरुद्ध बाजूच्या खांद्यापाशी कानाजवळून निघते आणि पुढच्या गुडघ्याच्या साधारण दोन मुठी वर थांबते, पाय आज कसेही असूदेत. गणपतीनंतरच्यांनी दुसरा हात बघायचा, म्हणजे हिकिते, कमरेकडे मागे खेचायचा हात, कारण बहुतेकांचा तो हात अर्ध्यातच लोंबकळतो, कमरेपर्यंत येतच नाही. यलो बेल्टवाल्यांनी तीच बराई झेनकुत्सु-दाचीत, म्हणजे पुढचा गुडघा वाकवून मागचा पाय ताणलेल्या लांब पवित्र्यात, पूर्ण खाली बसून, डोकं वरखाली न होऊ देता पुढे सरकत करायची. मोजणी सगळ्यांना एकच, जपानी एक, दोन, तीन : इच, नि, सान. पाच मिनिटांत तिन्ही गट घामाघूम होतात, करून बघा.

कातालाही, म्हणजे ठरलेल्या क्रमाच्या हालचालींनाही, तसंच. तायक्योकु शोदान या सुरुवातीच्या कातामध्ये वीस हालचाली आहेत पण प्रकार दोनच, बराई आणि ओई-झुकी (पाऊल पुढे टाकत मारलेला पंच), त्यामुळे नवं पोरही मागे मागे चालू शकतं. जुन्यांना तोच काता आरशातल्यासारखा करायला लावा, पहिलं वळण डावीकडे न घेता उजवीकडे, कंटाळा कुठल्या कुठे जातो.

जोड्या लावताना जुन्याला नव्यासमोर उभं करा पण बोलायला बंदी, त्याने फक्त हळू पंच द्यायचा. माझ्याकडे एका ऑरेंज बेल्टने नव्या मुलाच्या एका मिनिटात पाच चुका काढल्या आणि तो मुलगा परत आलाच नाही, मला अजून वाईट वाटतं त्याचं. चूक तुम्हीच सांगा, एका वेळी एक. फ्री कुमिते, म्हणजे मोकळी लढत, मात्र नव्यांना अजिबात नाही.

पालक म्हणतील, आमचा यलो बेल्ट व्हाईटवाल्यांचंच का करतोय? त्यांना सांगा की १९२४ साली आपले पहिले ब्लॅक बेल्ट देणाऱ्या गिचिन फुनाकोशींनी, शोतोकान कराटेच्या जनकांनी, स्वतः तेक्की नावाचे तीन काता शिकायला दहा वर्षं दिली होती.

आणि नवीन ॲडमिशन महिन्याच्या पहिल्या आठवड्यातच घ्या. पालक थांबतात हो पंधरा-वीस दिवस, शांतपणे सांगितलं तर.