ओव्याचा अर्क थेट जीसीत सोडावा का?

प्रश्न : मी पुण्यात एम.एस्सी. रसायनशास्त्र करतो. मंडईतून आणलेला ओवा कुटून हेक्झेन या द्रावकात त्याचा अर्क काढतो, तो आटवतो आणि गॅस क्रोमॅटोग्राफीने (जीसी, म्हणजे मिश्रणाची वाफ करून घटक वेगळे करणारी पद्धत) तपासतो. ओव्यातल्या सुगंधी घटकांपैकी थायमॉलचे आकडे दर वेळी जुळतात. पॅरा-सायमीन आणि गॅमा-टर्पिनीन यांचे मात्र जुळत नाहीत. अतिक्रांतिक (ठरावीक तापमान आणि दाब यांच्या वर नेलेल्या) कार्बन डायऑक्साइडने काढलेला अर्क थेट जीसीत सोडल्यास हा दोष जाईल का?

उत्तर : आपला दोष बहुधा अर्क आटवतानाच शिरतो. थायमॉल 232 अंशांना उकळते, तर ही दोन संयुगे 180 अंशांच्या आसपास. त्यामुळे हेक्झेनच्या वाफेबरोबर तीही थोडी थोडी निघून जातात, आणि दर वेळी वेगळ्या प्रमाणात जातात. कार्बन डायऑक्साइड 31 अंश सेल्सिअस आणि 74 बार यांच्या वर नेला, की तो द्रवासारखा विरघळवतो, वायूसारखा भुकटीच्या कणाकणांत शिरतो आणि दाब उतरताच आपोआप उडून जातो. आटवण्याची पायरीच उरत नाही, म्हणून आपल्या कामाला अर्क थेट जीसीत सोडणारी ही जोडणी मला योग्य वाटते.

तिचा सारा भार मात्र एका नळीवर असतो. जेमतेम 20 ते 30 मायक्रोमीटर पोकळीची ही सिलिकाची नळी, म्हणजे रिस्ट्रिक्टर, जीसीच्या इंजेक्टरमध्ये, म्हणजे नमुना आत सोडण्याच्या जागी, उतरवतात. तिच्या टोकाशी दाब एकदम पडतो, वायू निसटतो आणि सुगंधी घटक थंड ठेवलेल्या कॉलमच्या (घटक वेगळे करणाऱ्या लांब नळीच्या) तोंडाशी साचतात. अर्क पुरता उतरला, की मगच ओव्हन तापवायचा. पंपातला 1 मिलिलिटर द्रव कार्बन डायऑक्साइड येथे सुमारे 500 मिलिलिटर वायू होतो, तेव्हा त्याचा बराचसा भाग बाहेर सोडणारा स्प्लिट इंजेक्टरच वापरावा. प्रसरणामुळे टोक गारठते आणि ओव्यातल्या ओलाव्याचा बर्फ होऊन नळी तुंबते. यासाठी भुकटीत निर्जल सोडियम सल्फेट मिसळावे आणि टोक इंजेक्टरच्या उष्णतेत राहील असे पाहावे. अधिक निघेल या आशेने दाब 300 बारपर्यंत चढवू नये, कारण मग बियांतले स्थिर (न उडणारे) तेलही येते आणि ते कॉलममध्ये बसून राहते. 45 अंश आणि 100 बारच्या आसपास सुरुवात करावी.

थेट जोडणीत सगळा अर्क एकाच वेळी खर्ची पडतो, दुसऱ्यांदा टोचायला काही उरत नाही. म्हणून आधी काही दिवस रिस्ट्रिक्टरचे टोक थंड हेक्झेनमध्ये बुडवून अर्क गोळा करावा, तो न आटवता तपासावा, आणि किती मिनिटांत ओवा रिता होतो हे नक्की झाल्यावरच नळी जीसीला जोडावी. पुण्यातल्या मे महिन्यात खोली 31 अंशांवर गेली, की सिलिंडरमध्ये द्रव राहतच नाही आणि पंप रिकामा फिरतो. त्या दिवसांत सिलिंडर थंड खोलीत ठेवून पंपाचे डोके बर्फाच्या पाण्याने गार राखावे लागेल.