क्रूझवर सॅलड जेवणाआधी आणि युरोपात जेवणानंतर, असं का?

मायामीहून सुटणाऱ्या बहुतेक मोठ्या क्रूझ अमेरिकन पद्धतीने वाढतात. तिथे सॅलड सूपच्या जोडीला, मुख्य पदार्थाच्या आधी येतं. वर दाट ड्रेसिंग: रँच, ब्लू चीज, नाहीतर थाउजंड आयलंड. रँच तर 1950 च्या दशकात स्टीव्ह हेन्सन यांनी कॅलिफोर्नियात लोकप्रिय केलेलं.

फ्रान्समध्ये घरगुती जेवणात हिरवी पानं मुख्य पदार्थानंतर, चीजच्या आधी येतात. व्हिनेगर, तेल, थोडी मोहरी, बास. जड जेवणानंतर तोंड स्वच्छ होतं, आणि मला तरी हेच जास्त पटतं. इटलीत सॅलड मासे-मटणाच्या बरोबरीने वेगळ्या बशीत येतं. ऑलिव्ह तेल, व्हिनेगर आणि मीठ आपणच घालायचं. तिथे ‘इटालियन ड्रेसिंग’ मागू नका, ते अमेरिकेचं आहे!

सीझर सॅलडची तर आणखीच गंमत. त्याचा रोमच्या सीझरशी काही संबंध नाही. 1924 मध्ये मेक्सिकोतल्या तिहुआनात सीझर कार्दिनी या इटालियन माणसाच्या हॉटेलात ते जन्मलं, असं सर्वसाधारणपणे मानतात. क्रूझवर ते बऱ्याचदा रोजच्या मेनूत असतं. शाकाहारी असाल तर आधी विचारा, कारण ड्रेसिंगमध्ये अँचोव्ही नावाची खारवलेली मासळी आणि कच्चं अंडं असू शकतं.

आणि हो, सॅलड मुख्य पदार्थाबरोबरच हवं असेल तर वेटरला तसं सांगा. आपल्याला कोशिंबीर ताटातच लागते, त्यात लाजायचं काय?